पाळणाघरातल्या ताईंसाठी: बाळ पुढे काय करणार आहे?

बहुतेक पाळणाघरांच्या भिंतीवर एक तक्ता असतो. तिसऱ्या महिन्यात मान धरतं, सहाव्यात बसतं, आठव्यात रांगतं, बाराव्यात चालतं. तक्ता चुकीचा नसतो, पण त्यात प्रत्येक गोष्टीपुढे एकच महिना लिहिलेला असतो आणि तिथेच घोटाळा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली निरोगी मुलांच्या हालचालींचे जे आकडे प्रसिद्ध केले, त्यांत आधाराशिवाय बसण्याचा काळ ३.८ ते ९.२ महिने आहे. एकट्याने चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे नवव्या महिन्यात पाऊल टाकणारं आणि सतराव्या महिन्यात टाकणारं, दोन्ही मुलं ठीकच आहेत. तक्त्यातला 'बारा' वाचून एकीची आई मिरवते आणि दुसरीची आई रडकुंडीला येते, एवढंच.

मुलं सांभाळणाऱ्याने हे टप्पे पाठ करायचे ते मुलामुलांची तुलना करायला नव्हे. पहिला उपयोग आहे खोली तयार ठेवण्याचा. बाळ आज काय करतंय यावरून उद्या काय करेल याचा अंदाज येतो, आणि पाळणाघरातले बरेचसे अपघात 'अजून त्याला हे जमत नाही' या समजुतीतून होतात. तारखा पुढेमागे होतात, क्रम मात्र बराचसा ठरलेला असतो: ताबा डोक्याकडून पायाकडे येतो आणि खांद्याकडून बोटांकडे जातो. आधी मान, मग पाठ, मग कंबर, मग पाय. हात आधी अख्खा फिरतो, बोटं वेगळी चालायला वेळ लागतो.

वजन आणि उंची

जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दोन आठवड्यांत भरून येतं. त्यानंतर चार-पाच महिन्यांत जन्माच्या वजनाच्या दुप्पट, वर्षाला साधारण तिप्पट. लांबी जन्मताना ५० सेंटिमीटरच्या आसपास, वर्षाला ७५, आणि चौथ्या वर्षाच्या सुमारास १००. डोक्याचा घेर पहिल्या वर्षात ३५ वरून ४६ सेंटिमीटरपर्यंत जातो, नंतर फार हळू वाढतो.

यातली ताईंच्या रोजच्या कामाची गोष्ट अशी: पहिल्या वर्षात सहा-सात किलो वाढलेलं मूल दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. त्यामुळे वर्ष उलटलं की भूक मंदावते. 'आधी वाटीभर खायचा, आता तोंड फिरवतो' ही तक्रार याच वयात येते, आणि मग घरी व पाळणाघरात कोंबून भरवणं सुरू होतं. काय, कधी आणि कुठे द्यायचं ते मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं ते मुलावर सोडावं. वाढीच्या आलेखावर दर महिन्याच्या वजनाचे ठिपके जोडून येणारी रेघ चढती असेल तर उरलेल्या दोन घासांसाठी भांडण करण्यात अर्थ नाही.

ती रेघ बरोबर यायची तर मोजमाप बरोबर हवं. काटा शून्यावर आहे ना ते आधी बघा, दर वेळी तोच काटा वापरा, तान्ह्याला उघडं करून तोला. भिजलेला डायपर शंभर-दोनशे ग्रॅम सहज वाढवून दाखवतो, आणि लहान बाळाच्या बाबतीत ती कित्येक दिवसांची वाढ असते. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून मोजतात आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने डोकं स्थिर फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे हलके दाबून सरकती फळी तळपायांना भिडवायची. दोन वर्षांनंतर उभं करून उंची. त्याच मुलाची उभी उंची आडव्या लांबीपेक्षा सुमारे ०.७ सेंटिमीटर कमी भरते. पद्धत बदलली त्या महिन्यात मूल 'आखडलं' असं वाटतं ते यामुळे.

एकेका ठिपक्यावरून काही ठरवू नका. ताप, जुलाब झाले की वजन उतरतंच. लागोपाठ दोन-तीन महिने रेघ सपाट राहिली किंवा खाली वळली, तर ती बोलण्याची गोष्ट. सहा महिने ते पाच वर्षं या वयात दंडाचा घेर ही चटकन करण्याजोगी तपासणी आहे. डावा हात सैल सोडलेला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर पट्टी, घट्टही नाही आणि ढिलीही नाही. १२.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर डॉक्टरांकडे पाठवावं, ११.५ पेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, तिथे आठवडाभर थांबणंसुद्धा नको.

पहिलं वर्ष

पहिल्या तीन महिन्यांत बाळाला वीस-तीस सेंटिमीटरवरचं नीट दिसतं, म्हणजे मांडीवर घेतलं की आपला चेहरा. सहा ते आठ आठवड्यांत ते चेहरा बघून हसायला लागतं. झोपेतलं हसू वेगळं. आपण हसल्यावर उत्तर म्हणून आलेलं हसू मोजायचं. या वयात झोपवण्याचे नियम कडक आहेत आणि 'आमच्याकडे तर पालथं झोपलं की शांत झोपतं' या युक्तिवादाला ते वाकवू नयेत. वर्षापर्यंत पाठीवरच झोपवायचं, गादी सपाट आणि टणक, पाळण्यात उशी, लोड, मऊ खेळणी काही नाही. वळण्याची धडपड दिसली त्या दिवसापासून कपड्यात गुंडाळणं बंद.

झोप पाठीवर, म्हणून जागेपणी पालथं घालणं आवश्यक. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला न रांगणाऱ्या बाळासाठी दिवसभरात मिळून निदान तीस मिनिटांचा आहे. सुरुवात एकेका मिनिटाने करा, डायपर बदलल्यावर आणि दूध पाजण्याच्या आधी. पाजल्यावर लगेच केलं तर दूध बाहेर येईल आणि बाळ पालथं पडण्याचा धसकाच घेईल. अजिबात आवडत नसेल तर गुंडाळलेलं दुपटं छातीखाली द्या, हात त्याच्या पुढे काढा आणि स्वतः समोर आडवं होऊन बोला. झुलती खुर्ची, कारची खुर्ची यांत एका वेळी तासापेक्षा जास्त बांधून ठेवू नये. दिवसभर तिथेच पडून राहणाऱ्या बाळाचं डोकं मागून चपटं होतं आणि मान धरायला उशीर लागतो.

पालथं पडणं साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात जमतं. पण पाय झाडता झाडता तीन महिन्यांचं बाळसुद्धा अचानक उलटतं. डायपर बदलायच्या टेबलावर एक हात बाळाच्या पोटावर हवाच, तोही पहिल्या दिवसापासून. ओला कागद संपला, नवा घ्यायला वळायचं आहे? बाळाला उचलून घेऊन जा. त्यापेक्षा खाली सतरंजीवर बदलणं केव्हाही बरं, टेबलाचा हट्ट कशाला?

बसण्याच्या बाबतीत एक सार्वत्रिक चूक दिसते: बाळाला चारी बाजूंनी उशा लावून बसवून ठेवणं. स्वतः बसायला शिकणारं बाळ आधी दोन्ही हात पुढे टेकून बसतं, मग एक हात उचलतं, मग दोन्ही, मग बाजूला कलल्यावर त्या बाजूचा हात टेकायला शिकतं. हा कलल्यावर हात टेकणारा भाग उशांमुळे वगळला जातो. शिवाय बसवून ठेवलेल्या बाळाला त्या स्थितीतून बाहेर पडता येत नाही, म्हणून ते तिथेच रडतं आणि आपण समजतो की कंटाळलं. जमिनीवर मोकळं सोडलेलं बाळ कुशीवर वळून, कोपरावर रेटा देऊन आपलं आपण उठून बसतं. बसता आल्यावरही काही आठवडे मागे कोसळणं चालू असतं, कारण मागे हात टेकायला सगळ्यात शेवटी जमतं. मागच्या बाजूला मऊ सतरंजी हवी आणि टणक काही नको.

रांगण्याचे प्रकार अनेक. कुणी पोटावर सरकतं, कुणी बसल्या बसल्या घसटत जातं, कुणी उलटं मागे जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरुवातीला सांगितलेल्या पाहणीत शंभरातली सुमारे चार मुलं हात आणि गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरी चालली. त्यामुळे 'रांगलं नाही' एवढ्यावर काळजी नको; शरीराची एकच बाजू ओढत सरकत असेल तर मात्र दाखवावं. वॉकरबद्दल स्पष्ट सांगायचं तर पाळणाघरात तो नसावाच. त्याने चालणं लवकर येत नाही, उलट उशिरा येऊ शकतं, आणि जिन्यावरून पडण्याचा धोका मोठा. कॅनडाने २००४ साली वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली.

बोटांची प्रगती बघायला सगळ्यात मजा येते. सहा महिन्यांचं बाळ छोट्या वस्तूवर अख्खा पंजा मारून ती मुठीत ओढतं. आठव्याच्या सुमारास अंगठा आणि तर्जनीची बाजू वापरतं. नवव्या-दहाव्या महिन्यात अंगठ्याचं टोक आणि तर्जनीचं टोक जुळतं, पक्की चिमटी तयार होते, आणि मग ते सतरंजीच्या कडेला पडलेला एक केससुद्धा दहा सेकंद रोखून बघून उचलतं. उचललेलं सगळं तोंडात. म्हणजे चिमटी दिसली त्या आठवड्यापासून जमीन झाडण्याची पद्धत बदलायला हवी: बाळ खाली सोडायच्या आधी ताईंनी स्वतः गुडघ्यांवर बसून त्याच्या उंचीवरून एक नजर फिरवायची. जी वस्तू टॉयलेट पेपरच्या आतल्या नळीतून आरपार जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलांच्या खोलीत नको. नाण्याएवढ्या चपट्या बॅटऱ्या सगळ्यांत घातक. अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी ओकारी काढायचा प्रयत्न न करता थेट रुग्णालय गाठायचं.

खाण्याचंही इथेच. वरचं अन्न सहा महिने पूर्ण झाल्यावर, मऊ आणि मग हळूहळू भरड. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, त्यातल्या जिवाणूंमुळे तान्ह्यांना बोट्युलिझम ही स्नायू लुळे पाडणारी विषबाधा होऊ शकते. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे. अख्खे दाणे, अख्खा सुकामेवा पाच वर्षांपर्यंत नाही. आणि चालता-पळताना कोणीच खायचं नाही.

आठव्या-नवव्या महिन्यात आणखी एक बदल होतो, जो नवीन ताईंना बुचकळ्यात टाकतो. पाचव्या महिन्यात कुणाच्याही कडेवर जाणारं बाळ अचानक आईला सोडेनासं होतं. पाळणाघरात काही बिनसलंय असं पालकांना वाटतं. खरं तर बाळाला आता कळू लागलेलं असतं की नजरेआड झालेली वस्तू कुठेतरी असते. रुमालाखाली झाकलेलं खेळणं ते रुमाल उचलून काढतं; तीच समज आईलाही लागू होते. ही ओढ दहा ते अठरा महिन्यांत सर्वांत जास्त असते. पालकांना गुपचूप सटकू देऊ नका. बाळाकडे बघून 'येते हं' म्हणायचं, ताईंच्या हातात द्यायचं आणि निघायचं, दारातून तीनदा परत यायचं नाही. सकाळी दर वेळी त्याच ताईंनी घ्यावं. या वयाचं मूल नव्यानेच दाखल होत असेल तर पहिले काही दिवस तास-दोन तासांचेच ठेवावेत.

चालायला लागल्यापासून तीन वर्षांपर्यंत

नुकतं चालणारं मूल पाय फाकून, हात वर धरून चालतं. घरात अनवाणी चालू द्या, तळव्याला जमीन कळते. जिना चढायला ते उतरण्याच्या आधी शिकतं, म्हणून वर जाऊन अडकतं आणि मग पुढे तोंड करून पाऊल टाकतं. फाटक जिन्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे हवं. पण नुसतं फाटक पुरत नाही, उतरायला शिकवावंच लागतं: पोटावर पालथं, पाय आधी, एकेक पायरी. पलंगावरून उतरतानाही हेच. त्याचे पाय धरून वळवा आणि दर वेळी 'पाय आधी' म्हणा. काही दिवसांत ते स्वतःच वळायला लागतं.

भाषेत आधी समज, नंतर बोलणं. नऊ महिन्यांला नावाने हाक मारली की वळून बघतं. वर्षाच्या आसपास बोट दाखवणं येतं, आणि ते कसं दाखवतं ते नीट पाहा. हवी असलेली वस्तू मागायला दाखवलेलं बोट वेगळं. आकाशातलं विमान दाखवून मग आपल्याकडे वळून 'तूही बघितलंस ना' अशी नजर टाकणं वेगळं, आणि हे दुसरं फार मोलाचं. पहिला अर्थपूर्ण शब्द वर्षाच्या मागेपुढे. दोन वर्षांला पन्नासेक शब्द आणि दोन शब्द जोडणं: 'दूध दे', 'बाबा गेला'. घरी एक भाषा आणि पाळणाघरात दुसरी असेल तर दोन्हींतले शब्द मिळून मोजायचे. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही, तेव्हा पालकांना घरची भाषा सोडायला कुणी सांगू नये.

बोलतं करण्यासाठी काही विकत आणावं लागत नाही. ते काय करतंय ते शब्दांत सांगा, एक प्रश्न विचारा आणि मनात पाचपर्यंत मोजत थांबा. आपण मोठी माणसं एका सेकंदातच उत्तर पुरवतो आणि मुलाची पाळी खातो. टीव्ही पाठीमागे चालू असेल तर हे होत नाही. दोन वर्षांखाली पडदा नकोच. दोन ते चार या वयात दिवसाला फार तर एक तास, तोही घरचा धरून.

चावणं हा या वयातला पालकांच्या भांडणाचा पहिल्या क्रमांकाचा विषय. एक ते अडीच वर्षांत ते सर्रास दिसतं, कारण राग, गर्दी, दुखणारी हिरडी हे सगळं आहे पण 'माझं आहे, सोड' म्हणायला शब्द नाहीत. चावल्यावर आधी ज्याला चावलं त्याच्याकडे जा, जखम धुवा. चावणाऱ्याला त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन एवढंच: 'चावायचं नाही. त्याला दुखलं.' मोठं भाषण नाही, आणि 'कसं वाटतं बघ' म्हणून उलट चावणं तर कधीच नाही. खरं काम नंतर आहे. आठवडाभर वेळ, जागा, आधी काय घडलं ते लिहा. बहुतेकदा ठरावीक वेळ सापडते: जेवणाआधीची पंधरा मिनिटं, किंवा एकाच ट्रकभोवती चार मुलं. मग जेवण थोडं अलीकडे घ्या, किंवा तसेच दोन ट्रक ठेवा. दोन वर्षांची मुलं शेजारीशेजारी आपापलं खेळतात. वाटून घेण्याची अपेक्षा त्यांच्याकडून करणं म्हणजे भांडण ओढवून घेणं.

साधारण पंधरा ते अठरा महिन्यांत दिवसाच्या दोन झोपांची एक होते. मधल्या काही आठवड्यांत एक झोप पुरत नाही आणि दोन येत नाहीत. त्या दिवसांत जेवण आणि झोप दोन्ही अर्धा तास आधी घ्या. हट्ट, आदळआपट निम्म्याने कमी होते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत मिळून ११ ते १४ तास झोप लागते.

शी-शूच्या सवयीला वय बघू नका, खुणा बघा. दोन तास कोरडं राहतं, होण्याआधी चेहऱ्यावरून किंवा कोपऱ्यात जाऊन कळवतं, चड्डी खाली ओढता येते, साधी सूचना समजते. बहुतेकांच्या बाबतीत हे दोन ते तीन वर्षांत जमून येतं. घरी आणि पाळणाघरात एकाच आठवड्यात सुरू करा, शब्दही तेच वापरा. रागावल्यावर काय होतं तर मूल शी दाबून धरतं, ती कडक होते, पुढच्या वेळी दुखते, म्हणून ते आणखी दाबतं. हे चक्र सोडवायला महिने लागतात. रात्रीचं कोरडं राहणं वेगळं, ते उशिरा येतं आणि शिकवून येत नाही.

तीन ते सहा

इथे ताईंची धावपळ कमी आणि पालकांची घाई जास्त. तीन वर्षांला गोल काढतं, चारला अधिकचं चिन्ह, साडेचारच्या सुमारास चौकोन, पाचला त्रिकोण. ज्याला तिरकी रेघ काढता येत नाही त्याला अक्षरं गिरवायला लावून काय साधणार? माती मळणं, मणी ओवणं, चिमट्याने कापूस उचलणं, कागद फाडणं यांतून बोटं तयार होतात. तीन वर्षांला एक पाय एक पायरी असं जिना चढतं, उतरायला चार उजाडतात. चारला लंगडी घालायला लागतं. तीन वर्षांच्या मुलाचं बरंचसं बोलणं परक्यालाही कळायला हवं. अडीच ते चारमध्ये काही मुलं अडखळतात. 'नीट बोल' म्हणू नका, ऐकून घ्या. बहुतेकांचं आपोआप जातं. सहा महिन्यांहून जास्त टिकलं किंवा बोलताना चेहरा ताणला जात असेल तर वाचा-उपचार तज्ज्ञांना दाखवावं.

कधी थांबायचं नाही

वाट बघायची मर्यादा ठाऊक असावी. तीन महिने होऊनही चेहरा बघून हसत नाही. चार महिन्यांत मान सावरत नाही. नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसत नाही. वर्ष झालं तरी बा-बा, दा-दा अशी बडबड नाही, टाटा करणं किंवा बोट दाखवणं नाही. अठरा महिन्यांत चालत नाही. सोळा महिन्यांत एकही शब्द नाही, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नाही. वर्षाच्या आतच सगळं एकाच हाताने करतं आणि दुसरी मूठ मिटलेली असते. त्याला 'डावखुरं आहे' म्हणून सोडू नका, कारण हाताची निवड इतक्या लवकर पक्की होत नसते. आणि कोणत्याही वयात, येत असलेली गोष्ट येईनाशी झाली तर लगेच.

लवकर जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत दुरुस्त करून मोजायचं. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलं असेल तर चाळीसातून बत्तीस गेले, आठ आठवडे वजा. म्हणजे सहा महिन्यांच्या त्या बाळाकडून चार महिन्यांच्या गोष्टी अपेक्षित धरायच्या. लसीकरण मात्र जन्मतारखेनुसारच. प्रवेश अर्जात 'कितव्या आठवड्यात जन्म' हा रकाना नसेल तर आजच घाला.

नोंद कशी लिहायची? 'आज फार चिडचिड केली' याचा डॉक्टरांना उपयोग शून्य. '११:२० ला मागून तीनदा हाक मारली, वळली नाही. समोर आल्यावर हसली' याचा उपयोग पुष्कळ. जे दिसलं ते, वेळेसकट, विशेषणांशिवाय. पालकांशी बोलताना निदान आपण करायचं नाही. 'ऑटिझम' किंवा 'मंद' हे शब्द ताईंच्या तोंडून येता कामा नयेत. संध्याकाळी दारात, इतरांसमोर तर नाहीच. वेगळी वेळ मागून, दोन नोंदी वाचून दाखवून विचारायचं: घरी कसं असतं? बोलण्याबद्दल शंका असेल तर पहिली तपासणी कानांची, कारण वारंवार सर्दी होऊन कानात पाणी साचलं तरी मूल अर्धवटच ऐकतं आणि ते बऱ्याचदा कुणाच्या लक्षात येत नाही.

डॉक्टरांकडे जाताना गेल्या दोन महिन्यांच्या नोंदींची प्रत पालकांजवळ द्या. तपासणीनंतर काय सांगितलं ते विचारून त्याच वहीत लिहा. एखादा खेळ किंवा व्यायाम सांगितला असेल तर तो कसा करायचा हे पालकांकडून प्रत्यक्ष बघून घ्या, आणि दिवसातून किती वेळा पाळणाघरात आणि किती वेळा घरी ते वाटून घ्या.